फुटाण्याची गुटी

॥ श्री ॥
कात्रप, बदलापूर (पूर्व)
४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

चि. सौ. तेजल हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. आत निघालं ते असं. थेंबांची बाटली एक, तीस मिलीची, रुपये ६४९. चघळायच्या वड्यांचं पाकीट एक, रुपये ५२०. गळ्यात बांधायचा वासाचा पट्टा एक, रुपये ३९९. कुरिअरचे ८०. एकूण १६४८. पावती तू आतच ठेवलीस म्हणून कळलं. एवढ्यात दोन सिलिंडर येतात आणि वर एका दिवसाची भाजी. कुत्र्याच्या पिल्लाला चिंता लागते आणि त्यावर औषध मिळतं, हे मी चोपन्न वर्षांत ऐकलं नव्हतं. सून आल्यामुळे ज्ञानात भर पडली.

माझा आणि महेशचा नंबर तू ब्लॉक केलास, पण पार्सलात चिठ्ठ्या घालतेस. म्हणजे तुला सांगायचं आहे, ऐकायचं नाही. ठीक आहे. पत्र ब्लॉक होत नाही. आणि पार्सलावर पाठवणाऱ्याचा पत्ता छापलेला असतो, हे तुझ्यासारख्या बी.कॉम. बाईच्या लक्षात राहिलं नाही. उल्हासनगर, कॅम्प पाच, जीन्सचा कारखाना, पहिला मजला. मी महेशला दिलेला नाही. अजून.

तू लिहितेस, "आई, फुटाण्याला एकटं राहायची भीती आहे. दाराशी रडत असेल. थेंब सकाळ-संध्याकाळ पाच-पाच, खाण्यातून द्या. सगळं नैसर्गिक आहे, अपाय नाही. गुढीपाडव्याला मला खोली मिळतेय, तिथे कुत्रं चालतं. तेवढं तोवर सांभाळा. त्याच्याशिवाय माझं कोणी नाही."

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. लग्नाला तीन वर्षं झालेली बाई लिहिते की कुत्र्याशिवाय माझं कोणी नाही. तुझा नवरा सकाळी सहाला उठून अंबरनाथला कंपनीत जातो तो कोणासाठी? तिन्हीसांजेला दुधाचा पेला तुझ्या हातात देणारी मी कोण होते? जाताना मंगळसूत्र देव्हाऱ्यात ठेवून गेलीस आणि आता औषधं पाठवतेस, तीही कुत्र्याला.

सांभाळते. जीव आहे, उपाशी ठेवणार नाही. पण माझी अट ऐकून घे. पाडव्याला कोणाला पाठवू नकोस. स्वतः ये. संध्याकाळी ये, महेश घरी असताना. त्याच्यासमोर बस, जेव, मग त्याला काय बोलायचं ते बोलू दे. त्यानंतर पिल्लू ने, नाहीतर तूही राहा. तू आली नाहीस तर दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी त्याला बारवीच्या रस्त्याला, जिथून तू उचलून आणलंस त्याच खळ्यावर सोडून येईन. तिकडे सध्या बिबट्या दिसतो म्हणतात.

तुझी सासू,
संध्या


॥ श्री ॥
कात्रप
१६ फेब्रुवारी २०२५, रविवार, संकष्टी

चि. सौ. तेजल हिस अनेक आशीर्वाद.

उपास आहे, चंद्रोदयाला अवकाश आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पार्सलातल्या चिठ्ठीच्या पाठीमागे तू परीक्षेसारखे प्रश्न लिहिलेस, ते मला परवा दिसले. त्याच क्रमाने उत्तरं घे.

आम्ही बाहेर गेलो की रडतं का? नाही. मंगळवारी मी गणपतीला जाते, दीड तास घराला कुलूप असतं. शेजारच्या रखमाबाईंना मुद्दाम कान देऊन ऐकायला सांगितलं. आवाज नाही. दिवसभर माझ्या जपाच्या आसनाला पाठ लावून पडलेलं असतं. माळ ओढत नाही, नैवेद्याला तोंड लावत नाही. एवढं वळण तुलाही नव्हतं.

मग कधी रडतं? संध्याकाळी पावणेआठला. महेशची स्कूटर खाली स्टँडवर लागली की कॉटखाली जातं. लिफ्टचं दार वाजलं की रडायला लागतं. किल्ली फिरली की शू करतं. रोज. लादी मी पुसते, तो आत पाऊल टाकायच्या आधी. एकदा राहून गेली तेव्हा त्याचा पाय लागला पिल्लाला. मुद्दाम नाही. दोन दिवस मागचा उजवा पाय टेकत नव्हतं. हळद-तेल लावलं, आता चालतं.

म्हणजे एकटेपणाची भीती वगैरे काही नाही. तुझं निदान चुकलं. मला विचारशील तर तो हट्ट आहे. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला घरात शांतता लागते. आमच्या ह्यांनाही लागायची. तू दोन वर्षं ऐकलं नाहीस. तो आला की तुझं मुसमुसणं सुरू, की त्याचं डोकं फिरायचं. आता ते पिल्लू तुझा वसा चालवतंय.

वड्यांचं सांगते. पाकिटावर बारीक अक्षरात कोंबडीचं काळीज लिहिलंय. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, आणि तू माझ्या हाताने काळीज भरवणार होतीस. वॉचमनला देऊन टाकलं. त्याने गेटवरच्या चार कुत्र्यांना घातलं, ती मुळातच निश्चिंत होती. पट्टा साड्यांच्या कपाटात टांगलाय, वास बरा आहे, कसर लागणार नाही. थेंब वाया जात नाहीत, एवढंच लिहिते.

पिल्लासाठी मी माझा उपाय सुरू केला. माळ्यावरून सहाण काढली, घासून धुतली. तुझंच वाक्य आहे, नैसर्गिक आहे, अपाय नाही.

पाडव्याची अट विसरू नकोस.

तुझी सासू,
संध्या


॥ श्री ॥
कात्रप
२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

चि. सौ. तेजल हिस अनेक आशीर्वाद.

काल महाशिवरात्रीला अंबरनाथला महादेवाला जाऊन आले. रांगेत साडेतीन तास. तुझ्यासाठी काही मागितलं नाही. महेशसाठी मागितलं ते तुला माहीत आहे.

तुझं दुसरं पार्सल आलं, पुन्हा तीच बाटली, पुन्हा ६४९. चिठ्ठीत एकच प्रश्न, "आई, तुम्ही त्याला सहाणेवर काय उगाळून देता ते कृपा करून कळवा." कृपा करून. घरात असताना कधी म्हणाली नाहीस.

गुटी देते. बाळगुटी. तुला माहीत नसणं साहजिक आहे, तशी वेळ तुझ्यावर आली नाही. वेखंड, हळकुंड, खारीक, बदाम, मुरुडशेंग, बाळहिरडा आणि जायफळ. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून एकेक जिन्नस गोल फिरवायचा. एक फेरा म्हणजे एक वळसा. जिन्नस किती वळसे द्यायचा यातच सगळी विद्या आहे. मूल शांत झोपतं ते जायफळाने. तान्ह्याला एक वळसा पुरतो. तुझ्या पिल्लाला दोनाने सुरू केलं, काही फरक पडेना. मग चार, मग सहा. परवापासून बाकीचे जिन्नस बंद केले, नुसतं जायफळ, बारा वळसे, संध्याकाळी सातला. हिशोबाच्या वहीत रोज लिहिते, त्यामुळे चूक होत नाही.

परिणाम ऐक. काल स्कूटर लागली, लिफ्ट वाजली, किल्ली फिरली. पिल्लू जागचं हललं नाही. शू नाही, रडणं नाही. महेश त्याला ओलांडून आत आला आणि म्हणाला, "आज काय, मेलं का हे?" मी म्हटलं, झोपलंय. तो जेवला, भात दोनदा घेतला, टीव्ही बघितला. कित्येक महिन्यांत एवढी शांत संध्याकाळ या घरात गेली नव्हती. आणि खर्च किती? दुकानात सुटं जायफळ दहा रुपयांना एक.

तुझे थेंब मी महेशला देते. सकाळच्या चहातून, दहा. बाटलीवरचं कुत्र्याचं चित्र चाकूने खरवडलं. साडेसहाशेची वस्तू माणसाच्या पोटात जावी, असं मला वाटलं. तू गेल्यापासून त्याला झोप नाही, डोळे लाल असतात. पहिले दोन दिवस बराच निवळला होता.

तुला हे ऐकून राग येईल. येऊ दे. मी हे कोणाकडून शिकले ते सांगते. महेश तीन महिन्यांचा होता. हे दुसरी पाळी करून येत, आणि मूल रडलं की हातात येईल ते फेकत. एकदा पाट फेकला, पाळण्याच्या दोरीला लागला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या सासूने महेशला जायफळ वाढवून दिलं. सात वळसे. हे येईपर्यंत मूल गाढ. अशी आम्ही घरं टिकवली. पिशवी भरून बाहेर पडायचं आम्हाला कोणी शिकवलं नाही.

श्रावणात तुझं राहिलेलं गेलं. तेव्हा मी तुला शब्दाने दुखवलं नाही. आज लिहिते. मूल टिकायला बाईच्या अंगात स्वस्थता लागते. तुझ्यात ती नव्हती. मी रोज दूध दिलं, पायाला तेल लावलं, देवाला नारळ बांधला. माझ्याकडून कमी पडलं नाही.

तुझी सासू,
संध्या


॥ श्री ॥
कात्रप
१० मार्च २०२५, सोमवार, एकादशी

चि. सौ. तेजल हिस आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, कारण उजव्या मनगटाला पट्टी आहे. ओट्याला लागलं.

तुझं तिसरं पार्सल शनिवारी आलं. मी ते फोडलेलं नाही आणि फोडणार नाही. कुरिअरवाला म्हणाला, सील तुटलं नाही तर दुकानदार पैसे परत देतात. म्हणून टीव्हीच्या कपाटात तसंच ठेवलंय. पाडव्याला येशील तेव्हा घेऊन जा आणि पैसे सोडवून घे. चिठ्ठी असेल आत, तर जे सांगायचंय ते समोर येऊन सांग. दर खेपेला साडेसहाशेच्या पाकिटात बसून तोंड लपवण्यात अर्थ नाही.

पिल्लू शांत आहे. खाणं थोडं कमी झालंय. रखमाबाई काल दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, हे झोकांड्या खातंय बघा. भिंतीला धडकलं आत्ता."

मी म्हटलं, "झोपेतून उठलंय."

"अकरा वाजलेत सकाळचे. पोरगी इथे असती तर डॉक्टरकडे नेलं असतं तिनं."

"पोरगी असती तर घरात असती," मी म्हटलं. त्यावर त्या गेल्या.

जायफळ आता चोवीस वळसे लागतं. त्याखाली गुण येत नाही. सवय झाली असावी. मागच्या आठवड्यात एकदा मी विसरले, पोथीला गेले होते, आणि किल्ली फिरताना ते रडलं. महेशने मानगूट धरून त्याला बाल्कनीत टाकलं आणि दार लावलं. मी मध्ये गेले. ओट्याला लागलं ते तेव्हाच.

तुझे थेंब त्याला लागू पडले नाहीत. दहाचे वीस केले, विसाचे तीस. पहिली बाटली संपत आली. काल चष्मा लावून बाटलीवरचं सगळं वाचलं. "घाबरलेल्या, बावरलेल्या पिल्लांसाठी" असं आहे. तो घाबरलेला नाही ना.

काल त्याने मला विचारलं, "आई, ती कुठेय हे तुला माहितीये. पार्सल कुठून येतात?" मी म्हटलं, कंपनीतून येतात, वर कंपनीचाच पत्ता असतो. आयुष्यात एकादशीच्या आदल्या दिवशी खोटं बोलले नव्हते. तुझ्यामुळे बोलले. हे किती दिवस चालेल सांगता येत नाही. म्हणून म्हणते, पाडव्याची वाट बघू नकोस. होळीनंतर लगेच ये. तू आलीस की त्याचा राग तुझ्यावर निघेल आणि संपेल. तुझ्या वाटचं दुसऱ्यांनी किती काढायचं?

संध्या


१५ मार्च २०२५

चि. सौ. तेजलला आशीर्वाद. पिल्लू बरं आहे. खातं-पितं. काळजी करू नये. इकडे यायची घाई करू नये. सविस्तर मागाहून.
संध्या


कात्रप
१९ मार्च २०२५, बुधवार

चि. तेजल,

शनिवारी टाकलेलं कार्ड खोटं होतं. ते लिहिलं तेव्हा पिल्लू दवाखान्यात होतं आणि जगेल की नाही हे डॉक्टरलाही माहीत नव्हतं.

झालं ते सांगते. धुळवडीला महेशला सुट्टी. त्याचे कंपनीतले चौघे घरी येणार होते. खाली डीजे, वर पाहुणे, आणि पिल्लू रडलं तर चारचौघांत त्याची शोभा, मग संध्याकाळी आमची. म्हणून मी शुक्रवारी सकाळी वळसे मोजलेच नाहीत. अर्धं जायफळ किसणीवर किसलं आणि दुधात कालवून ठेवलं. त्याने सगळं प्यायलं. माझ्या हातचं ते काहीही पितं.

बाराच्या सुमाराला ते उठलं आणि पाय कुठे पडतायत हे त्याला कळेना. टीपॉयला धडकलं, मग भिंतीला, मग एकाच जागी गोल फिरायला लागलं. महेशचे मित्र खो खो हसले. "याला पण चढली रे," एक म्हणाला. महेशने मोबाइलवर व्हिडिओ काढला. पिल्लू पडायचं तेव्हा तो त्याला पायाने पुन्हा उभं करायचा. मी ताटं वाढत होते. खोटं कशाला लिहू, मीही हसले. पाहुण्यांसमोर तोंड पाडून कसं उभं राहणार?

पाहुणे गेल्यावर महेश झोपला. पिल्लू लादीवर आडवं होतं आणि चारही पाय पळत असल्यासारखे हलत होते. तोंडाला फेस. डोळे उघडे, पण मी हात फिरवला तरी बुबुळ हललं नाही. रखमाबाई रंगाचं ताट परत द्यायला आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "वहिनी, उचला. आत्ता उचला." मी पदरात घेतलं. दोन दवाखाने बंद. तिसरा पश्चिमेला, पुलापलीकडे, तो उघडा सापडला. बाई डॉक्टर आहे, तुझ्याच वयाची, कानामागे गुलाल तसाच होता.

"काय खाल्लं यानं?"

"दूध."

"आणखी?"

"घरचंच. गुटी. सगळं नैसर्गिक आहे."

"गुटीत काय असतं ते सांगा."

मी जिन्नस सांगत गेले. जायफळाला तिने हात वर केला. "किती?"

"आज अर्धं. एरवी वळसे."

"कधीपासून?"

मी पिशवीतून वही काढून तिच्यापुढे ठेवली. दूध, भाजी, गॅस, आणि शेजारच्या रकान्यात ज. २, ज. ४, ज. ६, ज. १२, ज. २४. तिने पानं उलटली. एका हाताने पिल्लाला सुई देत होती. मग म्हणाली, "काकू, इतकं नीट लिहून ठेवलेलं विष मी पहिल्यांदा बघतेय."

मी म्हटलं, "माझा मुलगा याच्यावर मोठा झालाय."

"मुलाला एक वळसा देतात. तुम्ही दगड झिजवलात. आणि कुत्र्याला जायफळ थोडंही चालत नाही. डोक्यात जातं, छाती धडधडते, झटके येतात. ते शांत नव्हतं हो. त्याला हलता येत नव्हतं."

रखमाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मी विचारलं, "आणि माणसाला? मोठ्या बाईला, रोज दिलं तर?"

"मी जनावरांची डॉक्टर आहे," ती म्हणाली. मग सुई खाली ठेवली. "कोणाला दिलंत?"

मी म्हटलं, कोणाला नाही.

घरी येऊन तुझं तिसरं पार्सल फोडलं. आत बाटली नव्हतीच. चिंध्या भरलेल्या होत्या आणि मध्ये चिठ्ठी, ६ मार्चची. "आई, मी डॉक्टरांना विचारलं. जायफळ कुत्र्याला विषासारखं आहे. अजिबात देऊ नका. तुमच्या पाया पडते. चिठ्ठी साधी पाठवली तर महेशच्या हाती लागेल, म्हणून पार्सल." सील तुटू नये म्हणून मी ते सात दिवस कपाटात ठेवलं. त्या सात दिवसांत एकशे चव्वेचाळीस वळसे आणि अर्धं जायफळ त्याच्या पोटात गेलं. गुणाकार मी केला आहे, तू करू नकोस.

फुटाणा जिवंत आहे. हे आधी लिहायला हवं होतं. काल उभा राहिला. मान डावीकडे कलते, ती सरळ होईल की नाही हे डॉक्टर सांगत नाही. नावाने हाक मारली की कान हलवतो. मी त्याला आजवर नावाने हाक मारली नव्हती, त्यामुळे माझ्या आवाजाला हलवतो की नावाला, ते कळत नाही. तो अजून दवाखान्यातच आहे. पैसे मी दिलेत. किती ते वहीत लिहिलेलं नाही.

तू त्याला तिथूनच परस्पर घेऊन जा. मी डॉक्टरला तुझं नाव सांगून ठेवलंय. घरी येऊ नकोस. पाडव्याला नको, संध्याकाळी नको, महेश नसतानाही नको. मी घातलेली अट मी मोडते. खोली मिळेपर्यंत रखमाबाईंची बहीण रमेशवाडीत त्याला ठेवून घेईल, तसं बोलणं झालंय.

महेशने शनिवारी पत्ता पुन्हा मागितला. दिला नाही. तेव्हापासून डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण जप करायला कान लागत नाही. पार्सलांवरचे तिन्ही कागद निरांजनावर जाळले. पत्ता मला पाठ आहे, तो कोणी काढून घेऊ शकत नाही.

आता ज्यासाठी पत्राला बसले ते.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर मी मागच्या वर्षाची वही काढली. डॉक्टरला 'कोणाला नाही' असं म्हटलं, ते खरं करून घ्यायचं होतं. आषाढाच्या पानावर जायफळ तीन. श्रावणाच्या पानावर पाच. घरात तान्हं नव्हतं. श्रीखंड केलं नव्हतं, पुरणही नागपंचमीला एकदाच. तरी आठ जायफळं आली आणि संपली.

तुझ्या दुधातून, तेजल. रोज तिन्हीसांजेला. तू त्याच्या येण्याच्या वेळेला रडायला लागायचीस आणि त्याने हात उचलायचा. माझ्या सासूने मला जे शिकवलं ते मी केलं. आधी चिमूट, मग चिमटीला गुण येईना म्हणून पाव. तू म्हणायचीस, "आई, तुमच्या दुधाने छान गुंगी येते." मी म्हणायचे, हळद आहे. त्याच्या येण्याआधी तू झोपलेली असायचीस आणि मला वाटायचं, मी घर सांभाळलं.

तुला तेव्हा तिसरा महिना होता.

दवाखान्यात मी सांगितलं की न्हाणीघरात पाय घसरला. तू माझ्याकडे बघितलंस आणि तोंड भिंतीकडे केलंस. पाय घसरला नव्हता. त्याने ढकललं होतं, ओट्यापासून दारापर्यंत. हे मी बघितलं होतं, आणि सात महिने मी स्वतःलाही न्हाणीघरच सांगत आले. पण ढकललं त्याच्या आदल्या दिवशी तू म्हणाली होतीस की पोटात दुखतंय आणि छाती धडधडतेय. ते मी वहीत लिहिलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता. ते मला आता, डॉक्टर 'छाती धडधडते' म्हणाली तेव्हा आठवलं.

तेव्हापासून देवापुढे दिवा लावते, पण बसत नाही. काय मागायचं ते कळत नाही. त्याच्यामुळे गेलं असेल तर मला एक मागावं लागेल, माझ्यामुळे गेलं असेल तर दुसरं.

तुझ्या कारखान्याजवळ कोणी बायकांची डॉक्टर असेल. तिला जाऊन विचार की तिसऱ्या महिन्यात रोज पाव जायफळ दुधातून गेलं तर मूल राहतं का. आठ जायफळं, दोन महिने, हा आकडा सांग. मी इथे विचारू शकत नाही, इथे सगळे मला ओळखतात. ती जे म्हणेल ते तसंच लिही. मला बरं वाटावं म्हणून काही बदलू नकोस, वाईट वाटावं म्हणूनही नको.

पत्र घरच्या पत्त्यावर टाकू नकोस. रखमाबाईंच्या नावाने टाक, फ्लॅट ३०४, बिल्डिंग तीच. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. होय की नाही, एवढं एका कार्डावर उलट टपाली कळव.

संध्या